खिशांतला घडीचा चाकू

चाकू हा शब्द उच्चारला कीं ऐकणाऱ्याच्या मनांत बहुधा कांहीं तरी भलतेंच उभें राहतें. चित्रपट पाहणाऱ्याला कळ दाबतांच खटकन् उघडणारा रामपुरी आठवतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पोलिसांनीं जप्त केलेलें हत्यार आठवतें. आज ज्या चाकूविषयीं मी बोलणार आहें तो ह्यांपैकीं कोणताच नव्हे. तो बोटभर लांबीचा, मुठींत मिटून बसणारा, दोन हातांनीं उघडावा लागणारा साधा घडीचा चाकू होय. युरोप-अमेरिकेंत एके काळीं रुमालाइतक्याच सहजपणें तो प्रत्येकाच्या खिशांत असे. लेखणी तासावयाची, दोरी कापावयाची, तंबाखू चिरावयाची, सफरचंद सोलावयाचें, घोड्याच्या खुरांत अडकलेला खडा काढावयाचा, सर्व कामें त्याच्याकडे. आतां त्यांतलीं बहुतेक कामें संपलीं किंवा दुसऱ्या साधनांकडे गेलीं. रोजच्या गरजेची वस्तु गरज संपतांच नाहींशी होते, हा नेहमींचा क्रम. पण हा चाकू नाहींसा झाला नाहीं. त्याला ज्या लोकांनीं केवळ आवडीनें तगविलें, त्यांच्या त्या आवडीचें स्वरूप काय आहे, हें आज पाहूं.

प्रथम त्याची रचना. वरवर पाहतां ह्यांत दोनच वस्तु दिसतात, पातें आणि मूठ. पण खरा जीव तिसऱ्याच वस्तूंत आहे. मुठीच्या पाठीशीं पोलादाची एक चिंचोळी पट्टी बसविलेली असते. ही कमान. पात्याचें बूड चौकोनी घडविलेलें असतें, आणि कमानीचें टोंक त्याच्यावर सतत दाब धरून असतें. पातें पूर्ण उघडलें कीं बुडाची एक सपाट बाजू कमानीखालीं येते व पातें तेथें ठरतें. मिटलें कीं दुसरी बाजू येते व तें आंत ठरतें. मध्यें बुडाचा कोपरा आडवा येतो, तेवढ्यापुरती कमान किंचित् वर उचलली जाते. एवढीच युक्ति. कळ नाहीं, खटका नाहीं, कुलूप नाहीं. उघडें पातें पाठीकडून दाबलें तर तें मिटूं लागतें आणि धरणाराच्या बोटांवर येतें. म्हणून ह्या चाकूनें कापावें, सोलावें, तासावें. भोसकूं जाणाराच्या तो स्वतःच्याच हाताला लागेल. शस्त्र आणि अवजार ह्यांतला भेद कायद्याच्या पुस्तकांपेक्षां ह्या बिनकुलपी कमानीनें अधिक स्पष्ट केला आहे, असें माझें मत आहे.

अशा लहान चाकूला इंग्रजींत ‘पेन-नाइफ’ म्हणतात, म्हणजे लेखणीचा चाकू. पिसांच्या लेखण्या होत्या तेव्हां त्यांचें टोंक वरचेवर छाटावें लागे, त्यावरून हें नांव पडलें. पिसें गेलीं, नांव राहिलें. आपल्याकडे पिसाच्या जागीं बोरू होता. बोरूचें टोंक तिरपें छाटावयाचें, मध्यें चीर पाडावयाची, आणि लिहितां लिहितां टोंक झिजलें कीं पुन्हां तासावयाचें, हें लेखनाचेंच एक अंग होतें. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांत लेखनक्रियेवर जो समास लिहिला आहे, त्यांत देशोदेशींच्या बोरूंबरोबर टांक तोडण्याच्या साधनांचीही आठवण ठेवली आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत, एका खेड्यांतील शाळेंत, शिसपेन्सिलींना टोंक काढण्याचें काम मास्तरांच्या चाकूकडेच असे. प्रार्थना संपली कीं टेबलाशीं मुलांची ओळ लागे. त्या ओळींत कोणाच्या घरीं गाय व्याली आणि कोणाचा बाप मुंबईला गेला, ह्या सर्व वार्ता मला हजेरीच्या आधीं कळत.

घडीचा चाकू हल्लीं आपण ज्या स्वरूपांत ओळखतों, तो मुख्यतः इंग्लंडांतील शेफील्ड ह्या एका गांवानें जगाला दिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर ह्या कवीनें एका गिरणीवाल्याचें वर्णन केलें आहे, त्याच्या पायमोजांत शेफील्डचाच चाकू खोंवलेला आहे. म्हणजे तेव्हांही गांवाचें नांव घेतलें कीं माल ओळखला जाई. १६२४ सालीं तेथील चाकू-कात्र्या करणाऱ्यांचा संघ पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला. कोणत्या कारागिरानें कोणती निशाणी ठोकावयाची ह्याची नोंद तो ठेवी. गांवाला निसर्गाचें दान मोठें होतें. साणा फिरविण्यास उतारावरून धांवणाऱ्या पांच नद्या, साणेसाठीं लगतच्या डोंगरांतला खरबरीत वालुकापाषाण, आणि भट्टीसाठीं प्रथम लांकूड व पुढें कोळसा. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन ह्या घड्याळजीनें तेथें मुशींत पोलाद वितळविण्याची रीति बसविली, आणि एकजिनसी पोलादही घरचें झालें.

काम मात्र एका हातीं नसे. एकानें पातें ठोकावयाचें, दुसऱ्यानें साणेवर धरावयाचें, तिसऱ्यानें मूठ, कमान व पातें जुळवून खिळे मारावयाचे. ह्या कारागिरांपैकीं पुष्कळजण कोणाचे पगारी नोकर नसत. भाड्याच्या खोलींत, एखाददुसऱ्या उमेदवारासह, ते स्वतःचें काम करीत. त्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत, आपल्या भाषेंत छोटे उस्ताद. श्रीमंती त्यांना क्वचितच लाभली. साणेवर बसणाऱ्यांची स्थिति तर फारच वाईट होती. दगडाची व पोलादाची धूळ छातींत बसून त्यांना श्वासाचा रोग जडे. कोरड्या साणेवर जेवणाचे कांटे घांसणारे तर ऐन तारुण्यांतच जात. ओल्या साणेवर काम करणारांची दशा तुलनेनें बरी, पण बरी म्हणजे थोडीच. जुन्या शेफील्डी पात्याची झळाळी पाहिली कीं मला ही धूळ आठवल्यावांचून राहत नाहीं. फ्रान्समध्यें तिएर नांवाचें चाकूचें गांव आहे. तेथील कारागीर नदीवरच्या थंडगार कोठ्यांत फळीवर पालथे पडून साणेवर पातें धरीत, आणि ऊब राहावी म्हणून आपला कुत्रा पायांवर निजवीत. ह्याचीं छायाचित्रेंच आहेत.

शेफील्डच्या वैभवाचे नमुने पाहावयाचे तर जोसेफ रॉजर्स अँड सन्स ह्या पेढीचे पाहावे. १८२२ सालीं तिनें एका मुठीवर १८२२ पातीं बसविलेला चाकू केला. पुढें वर्षांच्या हिशेबानें त्यांत पातीं वाढवीत नेलीं, तीं २००० सालापर्यंत. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठीं तिनेंच ७५ पात्यांचा व शिंपल्याच्या कोरीव मुठीचा ‘नॉर्फोक चाकू’ तयार केला. हीं नवलें खरींच; परंतु संग्राहकाच्या प्रेमाचा विषय हीं नव्हेत. जो खिशांत मावत नाहीं तो चाकू देव्हाऱ्यांतल्या तरवारीसारखा, पूजेपुरता. त्याच पेढीचा दोन पात्यांचा, कोणा अनोळखी कारकुनानें आयुष्यभर वापरून पातें निम्मे झिजविलेला चाकू समोर आला, तर शौकीन माणूस आधीं तोच उचलील.

उचलून तो काय पाहतो, हें ऐकण्यासारखें आहे. तो चाकू कानाजवळ नेतो. इंग्रजी भाषिक शौकिनांत चाकूची ‘चाल’ आणि ‘बोल’ अशी परिभाषाच रूढ आहे. पातें फिरतांना तें डगमगतें कीं सरळ व मऊ जातें, ती चाल. आणि तें जागीं बसतांच कमान जो ‘टक्’ असा आवाज देते, तो बोल. चाल घाण असेल तर जुळणी ढिली. बोल दबका असेल तर कमान थकलेली किंवा सांध्यांत मळ. तबलजी पुडी ठोकून पाहतो त्यांतलाच हा प्रकार. मग मिटलेलें पातें मुठीच्या मधोमध बसतें कीं एका बाजूला घांसतें, हें पाहावयाचें. मग कमान आणि मुठीचें पितळी अस्तर ह्यांवरून नख फिरवावयाचें. नख अडकलें नाहीं तर कारागीर चांगला. शेवटीं पात्याच्या बुडावरची निशाणी. अमेरिकेंतील केस नांवाच्या कारखान्यानें १९७० सालीं बुडावर दहा ठिपके ठोकले आणि पुढें दर वर्षीं एक ठिपका कमी करीत नेला. त्यामुळें त्या दशकांतल्या चाकूचें जन्मवर्ष भिंग लावून ठिपके मोजणाऱ्या कोणालाही सांगतां येतें. पंचांगाचें हें वेड नसलेल्याला हास्यास्पद वाटेल. पण ज्याला तें लागलें तो रविवारची दुपार त्यांत सुखानें घालवितो.

मुठींच्या बाबतींत आपल्या देशाचा संबंध थेट येतो. गाईगुरांचें हाड, लांकूड, शिंपला अशा नाना मुठी असत. पण सर्वांत मानाची मूठ आपल्या रानांतील सांबराच्या शिंगाची. सांबर दर वर्षीं आपलीं शिंगें टाकतें व त्याला नवीं फुटतात. हें शिंग आंतून भरीव, बाहेरून खडबडीत, हातांतून न निसटणारें, आणि कोणतेंही दोन तुकडे सारखे नसलेलें. तें शेफील्ड, जर्मनींतील झोलिंगेन व अमेरिका येथील कारखान्यांना दीर्घकाळ हिंदुस्थानांतून जात असे. गेल्या शतकाच्या अखेरीस भारत सरकारनें ही निर्यात बंद केली. गळलेल्या शिंगांच्या आडून शिकारीचा मालही खपूं लागतो, हें त्या बंदीमागचें भय रास्तच होतें. तेव्हांपासून सांबरी मुठीच्या जुन्या चाकूंना परदेशांत भाव चढला. आमच्या सह्याद्रींत पावसांत कुजून जाणारी वस्तु अटलांटिकपलीकडचा मनुष्य मखमलींत ठेवतो, ह्याची गंमत वाटते. पण रान राहिलें तर शिंग राहील, म्हणून बंदी मला योग्य वाटते.

आतां वापराकडे वळूं. संग्रह पुष्कळ वस्तूंचा करतात. तिकिटें जमविणारा तिकीट पाकिटाला चिकटवीत नाहीं, नाणीं जमविणारा तें नाणें वाण्याला देत नाहीं. घडीच्या चाकूचा शौकीन मात्र आपल्या संग्रहांतला एक रोज सकाळीं खिशांत घालतो. साध्या पोलादाच्या पात्यानें पेरू, लिंबू, कैरी कापली कीं त्यावर प्रथम निळसर, मग करडी छटा चढते. गंज निराळा आणि ही निराळी. गंज पोलाद खातो. ही छटा पातळ थर धरून राहते व पुढच्या गंजाला थोडी आवरतेही. कोणीं काय कापलें ह्याप्रमाणें ती प्रत्येक पात्यावर वेगळी उठते, त्यामुळें एकाच दिवशीं एकाच कारखान्यांत झालेले दोन चाकू वर्षभरानें ओळखूं येतात. आमच्या गांवांत आम्ही चौघे वृद्ध ह्या नादाचे आहों. अधूनमधून एकाच्या ओसरीवर बसून वर्तमानपत्रावर चाकू मांडतों, एकमेकांचे बोल ऐकतों, धार पाहतों, आणि शेवटीं त्यांनींच पेरू कापून खातों. त्यांतला एकजण आपले निवडक चाकू तेल लावून कापडांत गुंडाळून ठेवतो आणि पेरूला शिवूं देत नाहीं. त्याच्याशीं आमचा वाद कायमचा आहे. मी वापरणाऱ्यांच्या पक्षाचा. तथापि शंभर वर्षांपूर्वींची मूळ धार कशी असे हें आज कळावयाचें तर असा एखादा कृपणच उपयोगी पडतो, हेंही कबूल केलें पाहिजे.

ह्या वस्तूभोंवतीं माणसांनीं गोळा केलेल्या रीतिभाती मोठ्या मौजेच्या आहेत. चाकू भेट दिला तर मैत्री कापली जाते, अशी युरोप-अमेरिकेंत समजूत आहे. म्हणून घेणारानें एक लहानसें नाणें द्यावयाचें, म्हणजे ती भेट न राहतां विक्री होते आणि मैत्री वांचते! रिकामी कात्री वाजवूं नये, घरांत भांडण होतें, असें बजावणारी आपली आजी ह्या समजुतीला परकी म्हणणार नाहीं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, एकानें उघडून दिलेला चाकू घेणारानें उघडाच परत द्यावा, मिटूं नये, असा संकेत पाळणारे लोक आहेत. मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ ह्या १८७६ च्या कादंबरींत, बायबलांतील वचनें पाठ केल्याबद्दल टॉमला साडेबारा सेंटांचा ‘बार्लो’ चाकू मिळतो. त्यानें धड कांहीं कापतां येत नाहीं, तरी तो अस्सल बार्लो आहे एवढ्यानेंच त्याच्या अंगावर आनंदाचे शहारे येतात. बार्लो ही शेफील्डमध्यें जन्मलेली स्वस्त चाकूची जात. अमेरिकेंतल्या पोरांच्या पिढ्या तिच्यावर वाढल्या. आणि थोरांचें म्हणाल तर, १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली तेव्हां त्याच्या खिशांत दोन चष्मे, रुमाल, पाकीट, वर्तमानपत्रांचीं कात्रणें आणि हस्तिदंती मुठीचा एक घडीचा चाकू होता. ह्या वस्तु वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत जपलेल्या असून १९७६ सालीं त्या प्रथम लोकांना दाखविण्यांत आल्या.

फ्रान्सच्या खेड्यांत घडीचा चाकू म्हणजे जेवणाचें भांडेंच. प्रत्येकानें आपापला काढावयाचा, भाकर-चीज कापावयाचें, मांडीवर पुसून मिटावयाचा. तेथील लागिओल गांवचा चाकू १८२९ पासूनचा. गुराख्यांसाठीं त्याला पुढें दाभण जोडलें, आणि १८८० च्या सुमारास दारूच्या बाटलीचें बूच काढण्याचा स्क्रू. हळूहळू तें काम लागिओलांतून उठून तिएरच्या कारखान्यांत गेलें आणि गांवाकडे केवळ नांव राहिलें. १९८० नंतरच्या दशकांत गांवकऱ्यांनीं उचल खाल्ली आणि भट्ट्या पुन्हां गांवांत पेटविल्या. सॅव्हॉयमधील ओपिनेलचा चाकू १८९० चा, निव्वळ लांकडी दांडा व पातें. त्याला कमानही नाहीं. पातें अडविणारी फिरती कडी १९५५ सालीं बसविली. तो गरिबाचा चाकू होता आणि अजूनही स्वस्तच आहे. स्वित्झर्लंडचा तांबडा चाकू सर्वांना ठाऊक असल्यामुळें त्याविषयीं अधिक बोलत नाहीं.

मला शिक्षक म्हणून सर्वांत विचार करावयास लावणारी हकीकत जपानची आहे. तेथें ‘हिगोनोकामी’ नांवाचा घडीचा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिकी ह्या गांवीं होऊं लागला. पितळी किंवा लोखंडी पत्र्याची दुमडलेली मूठ, आणि अंगठ्यानें दाबावयाची एक लहानशी शेंडी. शाळेंतल्या प्रत्येक मुलाच्या दप्तरांत तो असे. पेन्सिलीला टोंक काढावयाचें आणि बांबूचीं खेळणीं करावयाचीं. १९६० च्या ऑक्टोबरांत समाजवादी पुढारी असानुमा ह्यांचा भर सभेंत एका सतरा वर्षांच्या तरुणानें खून केला. हत्यार आंखूड तरवारीचें होतें, ह्या चाकूशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. परंतु मुलांच्या हातीं धारदार वस्तु नको अशी चळवळ देशभर पसरली, दप्तरांतून चाकू गेले आणि टोंकयंत्रें आलीं. मिकींत कारागिरांचा जो मोठा वर्ग होता त्यांतलें एकच घराणें हें नांव आज चालवितें. आणि तरी नागानो प्रांतांतील एक प्राथमिक शाळा अशी आहे कीं १९८० नंतरच्या दशकापासून ती प्रत्येक नव्या मुलाला हिगोनोकामी देते व पेन्सिल तासावयास शिकविते. बोट थोडेंसें कापेल, हें तेथील पालकांना मान्य आहे. मी आमच्या शाळेंत हें सुचविलें असतें तर काय झालें असतें, ह्याची मला कल्पना आहे!

लोकांची भीति अनाठायीं आहे, असें मात्र म्हणूं नये. मोठ्या शहरांत सुऱ्यांनीं खून होतात, आणि कायदा करणाराला भेद कोठें तरी करावाच लागतो. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यानें तो चांगल्या रीतीनें केला आहे असें मला वाटतें. तीन इंचांपर्यंत धार असलेला, कुलूप नसलेला घडीचा चाकू कारण न देतां जवळ बाळगतां येतो. आपल्याकडे शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातीं येतात, आणि घरकामाचीं व शेतीचीं अवजारें त्यांतून वगळलीं आहेत. तरी सभा, न्यायालय, विमान अशा ठिकाणीं जातांना चाकू घरीं ठेवावा. पहारेकऱ्याशीं कमानीच्या रचनेवर वाद घालूं नये.

शेफील्डला स्टॅन शॉ नांवाचे एक छोटे उस्ताद होते. १९४१ सालीं, चौदा वर्षांचे असतांना ते उमेदवार म्हणून कामाला लागले. भोंवतालचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले, तरी हा गृहस्थ पातें, कमान, मूठ, सर्व स्वतःच्या हातांनीं करीत राहिला. उतारवयांत त्यांची कामाची जागा तेथील उद्योगसंग्रहालयांतच होती. त्यांना काम देणारे कोण होते? ज्यांना चाकूची गरज होती ते नव्हेत. देशोदेशींचे संग्राहक मागणी नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहत. २०२१ सालीं, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, शॉ वारले. त्या गांवांत आज घडीचे चाकू जुळविणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, पण त्यांत तरुण हातही आहेत. त्यांचें पोट कारखान्यांच्या ठेक्यांवर चालत नाहीं. ओसरीवर बसून एकमेकांच्या चाकूचा बोल ऐकणाऱ्या लोकांवर चालतें.

कोणास हा नाद लावून घ्यावयाचा असेल तर महाग वस्तूनें आरंभ करूं नये. आठवडे बाजारांत जुन्या लोखंडाच्या ढिगांत कधीं कधीं निशाणी पुसट झालेला चाकू मिळतो. तो आणावा. सांध्यांत शिवणयंत्राचें तेल दोन थेंब सोडून रात्रभर ठेवावा, सकाळीं हलक्या हातानें उघडावा, मळ काडीनें काढावा. घासकागद मुळींच लावूं नये. काळसर रंग जाईल आणि निशाणीही. निसण्यावर पाणी घालून पातें निजवून धरावें, दोन्ही बाजू सारख्या फिरवाव्या, घाई करूं नये. ओल्या फळाला वापरला कीं कोरडा पुसावा. आणि कोणीं मागितला तर मिटून हातीं द्यावा.